प्यायलेली नाही, चक्कर येतेय

अन्याय झाला तो माझ्यावर. गेल्या मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, तलासरीच्या नाक्यावर, उसाच्या रसाच्या गाडीशेजारच्या विजेच्या खांबापाशी. कपाळाला टिळा लावलेल्या एका सभ्य जीपवाल्याने मला दारू प्यायलेली ठरवलं, आणि तेही अत्यंत अदबीने. अदबीने केलेल्या अन्यायाचा निषेध कसा करायचा हे आमच्या संघटनेच्या कुठल्याच शिबिरात शिकवलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

झालं असं, की मी सरावलीहून निघून शेअर जीपने तलासरीला उतरले. पाय जमिनीला टेकले आणि जमीन निघून गेली. डहाणूच्या खाडीत बांधून ठेवलेली होडी जशी जागच्या जागी हलते तसा सगळा नाका हलायला लागला. अशा वेळी काय करायचं हे मला आता पाठ आहे. डोकं झटक्यात फिरवायचं नाही, जवळची घट्ट वस्तू पकडायची आणि न हलणाऱ्या एका ठिपक्याकडे बघत राहायचं. घट्ट वस्तू म्हणून मी खांब पकडला. पकडला म्हणजे मिठीच मारली. ठिपका म्हणून समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं एक अक्षर धरलं. ते दुकान वाइन शॉप होतं, याकडे माझं लक्ष नव्हतं. जीपवाल्याचं होतं.

"बेन, भिलाड जवानुं छे?" त्याने गुजरातीत विचारलं, भिलाडला जायचंय का.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. भिलाड म्हणजे गुजरात, आणि गुजरात म्हणजे दारूबंदी. आम्ही अलीकडे, आणि अलीकडे बंदी नाही. त्यामुळे पलीकडची तहानलेली मंडळी तलासरीत येतात, तहान भागवतात आणि परत जातात. येताना त्यांना रस्ता पुरतो, जाताना खांबही लागतात. या जीपवाल्याचा निम्मा धंदा अशांना घरी पोचवण्याचा. जीन्स, टॉप, खांब आणि दुकानाकडे लागलेली नजर एवढ्या पुराव्यावर त्याने निकाल दिला.

"मी इथलीच आहे," मी मराठीत म्हणाले. "सरावलीची."

तोही लगेच मराठीत आला. "लाजू नका हो बेन. आमच्या गाडीत फॅमिलीवाले पण येतात. पुढच्या सीटवर बसा. उलटी आली तर खिडकी आहे."

"मी पीत नाही!"

"कोणीच पीत नाही, बेन."

"अहो, मला आजार आहे. फायब्रोमायल्जिया!"

तो जरा विचारात पडला. मग समजूतदारपणे म्हणाला, "इंग्लिश असणार. ती चढतेच."

मी जाहीर निषेध करणार होते, पण तोंड उघडलं असतं तर नाश्ता बाहेर आला असता. म्हणून गप्प बसले, आणि माझं गप्प बसणं कबुलीजबाब म्हणून नाक्यावर नोंदलं गेलं.

आता आजाराविषयी. अंगभर दुखणं, झोपून उठल्यावरही न गेलेला थकवा, आणि त्यावर फुकट मिळालेली चक्कर. सकाळी जागी होते तेव्हा असं वाटतं, की रात्रभर मी एकटीने टेम्पोत चिकूची क्रेट भरली आहेत. रक्त तपासलं, नॉर्मल. साखर नॉर्मल, डोक्याचा फोटो नॉर्मल. माझ्याइतकी नॉर्मल मुलगी डहाणू तालुक्यात दुसरी नसेल. एका डॉक्टरांनी फाइल बंद करून विचारलं, "लग्न झालंय?" मी नाही म्हणाले. तेव्हा ते पप्पांकडे वळून असे हसले, जणू औषध सापडलं. पप्पा चिकूची वाडी करतात. झाड वाळायला लागलं तर आधी मुळाशी काय झालंय ते बघतात, त्याचं लग्न लावत नाहीत. ते फाइल उचलून बाहेर आले आणि पायऱ्यांवर म्हणाले, "याला आपण चिकू पण द्यायचे नाहीत." आमच्या घरातला हा सर्वांत कडक बहिष्कार. शेवटी वापीच्या एका डॉक्टरबाईंनी अंगावरच्या दुखऱ्या जागा दाबून, नीट ऐकून घेऊन, आजाराला नाव दिलं. बरी कराल का म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "सांभाळायला शिकवते." मला ते प्रामाणिक वाटलं. आमच्या चळवळीतही कोणी याहून जास्त आश्वासन देत नाही.

तर मी सांभाळते. माझी सकाळ आंदोलनासारखी टप्प्याटप्प्याने होते. आधी निवेदन, म्हणजे नुसते डोळे उघडायचे आणि छताला कळवायचं की आपण उठणार आहोत. मग धरणं, म्हणजे पलंगाच्या कडेला पाय सोडून बसून राहायचं, पोटऱ्या आवळायच्या, लिंबू-मिठाचं पाणी घोट घोट प्यायचं. मग मोर्चा, बाथरूमपर्यंत, भिंतीच्या कडेकडेने, शांततेच्या मार्गाने. थेट मोर्चावर उडी मारली की लाठीमार ठरलेला. केस धुताना डोकं खाली घालायचं नाही. उपास करायचा नाही, आणि याबद्दल आईने देवाकडे परस्पर माफी मागून ठेवलेली आहे. पहिली झुळूक आली की जिथे असू तिथे बसायचं.

हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे. जिथे असू तिथे बसायचं, पण बसायचं कशावर? मला आजार झाल्यावर कळलं, की आपल्याकडे सगळीकडे उभं राहण्याची सोय आहे. बँकेत उभं राहा, रेशनला उभं राहा, आणि आजारी असाल तर दवाखान्यात जास्त वेळ उभं राहा.

तलासरीच्या डोंगराकडच्या एका गावातलं आरोग्य उपकेंद्र यात सगळ्यांच्या पुढे. मी तिथे एका सर्वेक्षणासाठी गेले होते. आत एक बाक होतं आणि त्यावर औषधांची खोकी आरामात बसली होती. बाहेर उन्हात बायकांची रांग. भाताच्या खाचरांतून आणि डोंगरउतारावरच्या नागलीच्या वरकसातून तासभर चालत आलेल्या. कोणाला आठवा महिना, कोणाचे गुडघे सुजलेले. मी रांगेत उभी राहून प्रश्न विचारत होते आणि मधेच कोसळले. डोळे उघडले तेव्हा एका आजींच्या मांडीवर डोकं होतं आणि त्या पदराने वारा घालत म्हणत होत्या, "पडली म्हणून बसायला तरी भेटलं हिला."

त्या दिवशी आमच्या संघटनेची नवी मागणी जन्मली. पत्रक मीच लिहिलं. मथळा: 'आम्हाला बसायचंय!' उपकेंद्राबाहेर शेड आणि बाकं, एवढंच. त्या गावच्या शुक्रवारच्या ग्रामसभेत ही मागणी मी मांडायची असं ठरलं होतं, आणि मंगळवारी मी त्याच्याच तयारीला चालले होते. तेवढ्यात तो खांब आला.

नाक्यावरची बातमी माझ्याआधी घरी पोचली. मी परत आले तेव्हा मसोलीची काकी ओटीवर बसून होती. हातात सुक्या मिरच्या, मोहरी आणि मीठ. तिने आधी माझी दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुराने मला परत गरगरलं, आणि काकी समाधानाने म्हणाली, "बघ, किती लागलेली होती." मग तिने आईला चहाच्या निमित्ताने आत पाठवलं आणि माझ्याजवळ सरकली.

"खरं सांग, मी कोणाला बोलणार नाही."

"काय?"

"घेतलीस का?"

"नाही गं काकी."

"मग दिवस गेलेत का?"

"काकी!"

"ओरडू नको. मी म्हणते, दोन्हीत घेतलेली बरी. उतरते तरी."

काकीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. खरा धोका संध्याकाळी फोनवरून आला. फोन ताईंचा. ताई म्हणजे आमच्या संघटनेच्या सर्वांत जुन्या कार्यकर्त्या. मला पत्रक लिहायला त्यांनीच शिकवलं. कोणावर, कधी, कुठे अन्याय झाला ते पहिल्या ओळीत यायलाच हवं, हा त्यांचाच दंडक.

"कळलंय ना लोक काय बोलतायत?" त्या म्हणाल्या. "शुक्रवारी दादा बोलेल. तू बाजूला बस."

"का? मी प्यायलेली नाहीये, ताई."

"मला माहीत आहे. पण सभेत उभं राहून बोलावं लागतं, पोरी. तू डगमगलीस की ते मागणीवर बोलणार नाहीत, तुझ्यावर बोलतील. मागणी गेली मग."

संघटनेतल्या या दादाविषयी मला आदर आहे. पण तो कुठलंही भाषण जागतिक परिस्थितीपासून सुरू करतो. उपकेंद्रापर्यंत पोचेस्तोवर बायका भाकऱ्या भाजायला घरी गेलेल्या असतात. आणि त्या रांगेत तो कधी उभा राहिलेला नव्हता. मी ताईंना म्हणाले, "मी पडले म्हणून ही मागणी आली. आता मी पडेन म्हणून मीच बोलायचं नाही, हे कुठलं लॉजिक?"

मग ताई म्हणाल्या, "बोल. पण पडू नकोस."

बुधवार-गुरुवार मी न पडण्याची तालीम केली. दुपारी पडून राहिले, खोलीत उजेड कमी ठेवला, पोटऱ्यांना घट्ट मोजे घातले. पाच मिनिटांचं भाषण तीन मिनिटांवर आणलं, साम्राज्यवाद संपूर्ण कापला. गावात पोचल्यावर बोलताना कशाकडे बघायचं म्हणजे जग फिरणार नाही, तेही ठरवलं: पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. ते कित्येक महिने बंद आहे. त्याच्याइतकं स्थिर त्या पंचायतीत दुसरं काही नाही.

शुक्रवारी पप्पा म्हणाले, "मी सोडतो. मला तिकडंच जायचंय." तिकडे पप्पांचं काहीही काम नव्हतं. टेम्पोत मागे रिकामी क्रेट होती, ती खरं तर वाडीत हवी होती. आशागड गेलं, रस्ता डोंगराकडे वळला, क्रेट मागे खडखडत राहिली आणि पप्पा प्रत्येक वळणावर आईस्क्रीमची गाडी चालवत असल्यासारखे हळू झाले. मागून हॉर्न मारणाऱ्यांना खिडकीतून हात दाखवून सांगत होते, "आत पेशंट आहे!" मी म्हणाले, "पप्पा, पेशंट नाही, वक्ता." ते म्हणाले, "तेच ते."

ग्रामसभा पंचायतीबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये. पुढे टेबल आणि खुर्च्या: सरपंचबाई, ग्रामसेवक, सदस्य. समोर सतरंजीवर बायका. मागे खांबांना टेकून पुरुष. त्या गावच्या सभेचा एक रिवाज आहे. उभं राहून बोललेलं ठरावात लिहितात, बसून बोललेलं गप्पांत धरतात. हा नियम कुठे छापलेला नाही, पण ग्रामसेवकांचं पेन त्यावरच चालतं. सतरंजीवरच्या बायका वर्षानुवर्षं बसल्या जागी बोलत आलेल्या होत्या आणि इतिवृत्ताप्रमाणे त्या गावात बायका बोलतच नव्हत्या.

माझं नाव पुकारलं. मी टप्प्याटप्प्याने उठले. घड्याळ पकडलं. "उपकेंद्राबाहेर ज्या रांगेत आमच्या आया-बहिणी..." इथपर्यंत उत्तम. मग वाऱ्याने पत्रा कडाडला, मी दचकून वर बघितलं, आणि घड्याळ, टेबल, सरपंचबाई सगळे एका दिशेने निघाले.

"नाक्यावरनं आली वाटतं!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि खांबांना टेकलेले सगळे हसले. खांबांना टेकलेल्यांनी हसावं, हे विशेष.

मी बसले. सतरंजीवर, जिथे होते तिथे, डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं. ग्रामसेवकांनी पेनाला टोपण लावलं.

"झालं ना?"

"नाही झालं," मी खालूनच म्हणाले. "मी बसून बोलणार आहे."

"उभं राहून बोला म्हणजे लिहितो. खाली दिसत पण नाही तुम्ही."

हे खरंच होतं. पुढच्या बाईच्या अंबाड्याच्या पलीकडे मलाही कोणी दिसत नव्हतं. दादा मागून सरसावला आणि त्याने घसा खाकरला. माझी मागणी जागतिक परिस्थितीच्या तोंडी जाणार, हे मला स्पष्ट दिसलं. तेवढं एकच त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं.

आणि मग पप्पा शेडमध्ये शिरले. त्यांच्या हातात निळं क्रेट होतं. लोकांच्या पायांतून वाट काढत ते माझ्यापाशी आले, क्रेट पालथं घातलं, हाताने झटकलं आणि म्हणाले, "बस ह्याच्यावर."

"हे काय आहे?" ग्रामसेवकांनी विचारलं.

पप्पा आयुष्यात कुठल्याही सभेत बोललेले नाहीत. प्रश्न आपल्याला आहे हे कळल्यावर ते घाबरले आणि त्यांना माहीत असलेलं खरं उत्तर त्यांनी दिलं.

"चिकूचं क्रेट."

हशा झाला, पण या वेळचा वेगळा. मी क्रेटवर बसले. आता टेबल दिसत होतं, आणि टेबलामागे जे दिसलं ते मी इतकी वर्षं सभांमध्ये बघूनही बघितलं नव्हतं.

"सरपंच मॅडम," मी म्हणाले, "मघापासून तुम्ही बसूनच बोलताय. ग्रामसेवक साहेब पण बसूनच. तुमचं सगळं लिहिलं जातंय. मग बसण्यात अडचण नाही. अडचण खुर्ची नसण्यात आहे. तीच तर आमची मागणी आहे!"

सरपंचबाईंनी आधी आपल्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्या क्रेटकडे. त्या हसणार की रागावणार, मला कळेना. एवढ्यात मागून त्या आजी बोलल्या, मांडीवर डोकं घेणाऱ्या.

"ए भाऊ, मला पण दे एक. उभी राहिले का माझे गुडघेच बोलतात, मला बोलू देत नाहीत."

पप्पा गेले, दुसरं क्रेट आणलं. मग आठव्या महिन्याच्या सुनेला घेऊन आलेली एक सासू म्हणाली, "हिला नको का?" मग कोणाला उगाचच हवं झालं. पप्पा टेम्पो ते शेड फेऱ्या मारत होते आणि दर फेरीला पुटपुटत होते, "मला वाडीत लागतात ही, परत द्या हां." क्रेटवरच्या बायकांची डोकी टेबलाच्या वर दिसायला लागली. एकीने पाण्याच्या टाकीचंही काढलं, ते आमच्या पत्रकात नव्हतं. एकीने ग्रामसेवकांना विचारलं, "लिवताय ना?"

"लिहा हो," सरपंचबाई म्हणाल्या. "टोपण काढा ते."

त्यांनी काढलं. माझी चक्कर गेलेली नव्हती. ती पूर्ण तीन मिनिटं माझ्यासोबत क्रेटवर बसून होती. पण बसलेल्या माणसाला चक्कर आली तर तो फक्त चक्कर आलेला माणूस असतो, पडलेला नसतो. ताई मागे भिंतीला टेकून गुडघे चोळत होत्या. सभा संपल्यावर म्हणाल्या, "एखादं क्रेट उरलंय का गं?"

बाकं मंजूर झाली. मंजूर म्हणजे ठरावात आहेत. उपकेंद्राबाहेर अजून आलेली नाहीत. तिथे आमची क्रेट आहेत, कारण त्या दिवशी बायकांनी ती परत द्यायच्या ऐवजी थेट उपकेंद्राच्या दारात नेऊन मांडली. पप्पा अधूनमधून टेम्पो घेऊन ती आणायला जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. परवा आईने विचारलं तेव्हा वैतागून म्हणाले, "प्रत्येकावर कोणीतरी बसलेलं असतं. तान्हं घेऊन बसलेल्या बाईला काय ऊठ म्हणू?" क्रेट कमी पडतात म्हणून चिकू उतरवायचे खोळंबतात, आणि पप्पा पंचायतीला फोन करून विचारतात, बाकं कधी येणार. संघटनेला असा चिवट कार्यकर्ता दुसरा मिळालेला नाही.

नाक्यावरचा जीपवाला अजून भेटतो. त्याला कोणीतरी सगळं समजावलं असावं, किंवा अर्धंच. मी दिसले की पुढची सीट मोकळी करतो आणि हळूच विचारतो, "काय बेन, आज इंग्लिश कशी आहे?" मी सांगते, "आज कमी आहे." त्याला मी माफ केलेलं आहे. त्याने ठरवलं चुकीचं, पण निदान 'बसा' तरी म्हणाला. बाकीच्यांनी नुसतंच ठरवलं.

म्हणून आता मागणी, आणि ती पंचायतीकडे नाही, तुमच्याकडे. हो, तुम्हीच, जे हे आरामात बसून वाचताय. तुमच्या दुकानाच्या काउंटरमागे, ऑफिसात, क्लिनिकमध्ये, सोसायटीच्या गेटवर एक तरी खुर्ची अशी आहे जिच्यावर पिशव्या, फाइली नाहीतर वर्तमानपत्रं बसलेली आहेत. ती रिकामी करा. उचला आणि रांग असते तिथे, बाहेर नेऊन ठेवा. कोणी समोर डगमगलं तर तोंडाचा वास घेऊ नका, लग्न झालंय का विचारू नका, आधी बसवा. आज करा. आमच्या पप्पांना त्यांची क्रेट परत हवी आहेत.